उदक कोणाच्या हातावर?

१९५१ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरी, एरवी जेथे संगीतिका रंगत असत अशा एका भव्य नाट्यगृहात, दुसऱ्या महायुद्धाच्या पौर्वात्य अंकावर पडदा टाकण्याचा समारंभ झाला. ४ सप्टेंबरला अध्यक्ष ट्रूमन यांनी उद्घाटनाचे भाषण केले. ते एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सर्व अमेरिकेत दूरचित्रवाणीवर एकाच वेळी दिसले. त्या देशातील हा पहिलाच प्रसंग. ८ तारखेला सह्या झाल्या. जपान धरून ५२ राष्ट्रे जमली होती. त्यांपैकी ४९ राष्ट्रांनी तहनाम्यावर सही केली. सोव्हिएत रशिया, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी ती करण्याचे नाकारले. परिषदेचे नियमच असे बांधले होते की, प्रतिनिधींनी भाषणे करावीत आणि सही करावी. मसुद्यातील अक्षर बदलण्याची सोय कोणालाच नव्हती.

या समारंभाला ज्यांनी पहिल्या रांगेत बसावयास हवे होते त्यांच्या खुर्च्याच मांडलेल्या नव्हत्या. चीनचे जपानशी युद्ध १९३७ साली सुरू झाले; म्हणजे पर्ल हार्बरच्या चार वर्षे आधीपासून चीन लढत होता, आणि त्याने सोसलेल्या हानीला आशियात तोड नव्हती. कोरिया तर १९१० पासून पस्तीस वर्षे जपानच्या अंमलाखाली होता. तरीही चीन नाही, कोरिया नाही, अशी ही परिषद भरली. आमंत्रण असूनही जे गेले नाहीत त्यांत ब्रह्मदेश, युगोस्लाव्हिया आणि आपला भारत हे तीन देश होते.

चीनला न बोलावण्याचे कारण असे की, त्या वेळी स्वतःला चीन म्हणविणारी दोन सरकारे होती. ब्रिटनने १९५० च्या जानेवारीतच पेकिंगच्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली होती, तर अमेरिका फॉर्मोसा बेटावर गेलेल्या चँग कै-शेक यांच्या सरकारलाच खरे मानीत होती. तहाचे दोन प्रमुख कर्ते याप्रमाणे आपसांतच दुभंगलेले असल्यामुळे दोन्ही चीनांना वगळावे अशी तडजोड निघाली. कोरियाचा प्रश्न निराळा होता. दक्षिण कोरियाने आपणास युद्धमान राष्ट्र मानावे म्हणून अर्ज केला होता. पण युद्धकाळी कोरिया ही जपानची वसाहत होती, तेव्हा ती जपानशी लढणारी कशी, असा कायदेशीर मुद्दा पुढे करून तो फेटाळण्यात आला. ज्याची सत्ता सर्वांत प्रथम बुडविली गेली त्याला त्याच कारणावरून तहाच्या मेजावर जागा नाकारावी, हा न्याय विलक्षणच म्हटला पाहिजे.

या सर्व घाईच्या मुळाशी कोरियातीलच युद्ध होते. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ३८ व्या अक्षांशाच्या रेषेवरून खाली उतरल्या आणि वर्षाखेरीपर्यंत चीन व अमेरिका यांचे सैनिक प्रत्यक्ष एकमेकांशी लढू लागले. जपान आता पराभूत शत्रू राहिला नाही. तो अमेरिकेचा तळ, कोठार आणि इस्पितळ झाला. त्याच्याशी समेट करावयाचा तो लवकर आणि सौम्य अटींवर, हे धोरण ठरले. त्या धोरणाचे शिल्पकार जॉन फॉस्टर डलेस यांनी वर्षभर देशोदेशी फिरून मसुदा आधीच पक्का करून घेतला होता.

तो मसुदा आजही वाचण्यासारखा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात जपानने आपल्या साम्राज्याचा एकेक तुकडा सोडला आहे. कोरियाचे स्वातंत्र्य जपान मान्य करतो. फॉर्मोसा आणि पेस्काडोर्स यांवरील सर्व हक्क सोडतो. क्युरील बेटे आणि साखालिनचा दक्षिण भाग यांवरील हक्क सोडतो. दक्षिण चिनी समुद्रातील स्प्रॅटली व पॅरासेल या बेटांवरील हक्कही सोडतो. मसुदे लिहिणे हा ज्याचा रोजचा व्यवसाय आहे अशा माझ्यासारख्या माणसाची नजर येथे अडते. आपल्याकडे दानाचे उदक सोडावयाचे तर घेणाऱ्याचा हात पुढे व्हावा लागतो, त्याचे नावगोत्र उच्चारावे लागते. येथे जपानने उदक तर सोडले. पण ते कोणाच्या हातावर, हे कोरिया वगळता कोठेच लिहिलेले नाही. फॉर्मोसा चीनला, असे लिहावे तर कोणत्या चीनला? क्युरील रशियाला, असे लिहावे तर सही न करणाऱ्या रशियाच्या पदरात आयता हक्क कशाला टाकावा? कोरियाच्या बाबतीत तीन बेटांची नावे घातली, पण जपानी समुद्राच्या मध्यावरील एका खडकाळ बेटाचे नाव राहिले. त्याला जपानी लोक ताकेशिमा म्हणतात आणि कोरियन लोक दोक्दो. तहापूर्वीच्या मसुद्यांतून ते नाव कधी जपानकडे, कधी कोरियाकडे असे फिरत होते. शेवटच्या मसुद्यातून ते नाहीसेच झाले.

अशी जागा मोकळी राहते ती नेहमी दुर्लक्षामुळेच असे कोणी समजू नये. सरकारी लेखनात संदिग्धता पुष्कळदा समजून उमजून ठेवलेली असते. आजचे भांडण उद्यावर ढकलण्याचे ते एक साधन आहे. फक्त उद्या ते कोणाच्या दारात जाऊन पडेल, याचा हिशेब मसुदा लिहिणाऱ्याला द्यावा लागत नाही. पूर्व आशियाच्या नकाशावर आज जेवढी बेटे वादग्रस्त आहेत त्यांतील बहुतेकांचा माग काढीत गेले तर वाट याच तहापाशी येऊन पोचते.

भारताने या परिषदेस जाण्याचे नाकारले, त्याची कारणे २३ ऑगस्ट १९५१ च्या खलित्यात स्पष्ट मांडली आहेत. तहाने जपानला मानाचे व समानतेचे स्थान मिळावे आणि अतिपूर्वेतील शांततेत ज्यांचा हितसंबंध आहे अशा सर्व देशांना आज ना उद्या त्यावर सही करता यावी, या दोन कसोट्या भारताने लावल्या. फॉर्मोसा चीनला परत देण्याचे वचन तहात हवे. र्युक्यू आणि बोनिन ही बेटे जपानी माणसांचीच असल्याने ती जपानकडे राहावीत. परदेशी सैन्य जपानात ठेवण्याचा करार जपानने करावयाचाच असेल तर तो पूर्ण सार्वभौम झाल्यावर आपखुषीने करावा, तहाच्या कलमातून नव्हे. असे ते आक्षेप होते. वॉशिंग्टनला हे रुचले नाही. तेथील वृत्तपत्रांतून पंडित नेहरूंवर पुष्कळ टीका झाली.

पुढच्याच वर्षी, ९ जून १९५२ रोजी, भारताने टोकियो येथे जपानशी स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईचे आपले सर्व हक्क सोडून दिले. या दोन देशांतील जिव्हाळ्याचा एक दुवा त्याही आधीचा आहे. युद्धात टोकियोच्या उएनो येथील प्राणिसंग्रहालयातील हत्ती मारले गेले होते. तेथील मुलांनी एक हत्ती पाठवा म्हणून पत्रे लिहिली तेव्हा नेहरूंनी १९४९ साली म्हैसूरची एक हत्तीण पाठविली आणि तिला आपल्या मुलीचे, इंदिरा हे नाव दिले. राजकारणाच्या ताळेबंदात हत्तिणीची नोंद कोठे करावी हे मला सांगता येणार नाही. पण त्या पिढीतील जपानी माणसांपाशी भारताचा विषय निघाला की इंदिरेचीही आठवण निघत असे.

भारताचे निदान अचूक होते, असे मला वाटते. चीनवाचून, कोरियावाचून केलेली शांतता ही अपुरी शांतता, हे दिल्लीने ओळखले. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपण घरी राहिल्याने तहाचे एक अक्षरही बदलले नाही. सिलोनने दुसरी वाट धरली. त्याचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि बुद्धवचनाचा आधार घेऊन, आपल्या देशाला जपानकडून नुकसानभरपाई नको, असे त्यांनी भरसभेत सांगितले. औदार्य दोघांचेही सारखेच. पण जपानच्या जनमानसात त्या भाषणाने जी जागा मिळविली ती आपल्या तर्कशुद्ध खलित्याला मिळाली नाही. तत्त्व शाबूत ठेवून सभेत हजर राहता आले असते की काय, हा प्रश्न मनात येतोच.

सही न करणारा भारत पूर्व आशियापासून अलिप्त बसला, असे मात्र झाले नाही. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्ध थांबले तेव्हा एक विचित्र प्रश्न उरला होता. दोन्ही बाजूंच्या कैद्यांपैकी सुमारे तेवीस हजार माणसे मायदेशी परत जाण्यास तयार नव्हती, किंवा तयार नाहीत असे त्यांना धरून ठेवणारे सांगत होते. त्यांचे खरे मन जाणून घेण्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमण्यात आले. त्याचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळण्याचे काम भारतीय सैन्याच्या एका तुकडीकडे. या तुकडीचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा या व्यवस्थेला एवढा विरोध होता की, आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचे पाऊल पडता कामा नये, असा त्यांनी हट्ट धरला. तेव्हा आपले जवान इंचॉनजवळ बोटीवरून उतरले ते थेट हेलिकॉप्टरमध्ये, आणि मधल्या निर्लष्करी पट्ट्यातच त्यांना जमिनीचा स्पर्श झाला. तेथे त्यांनी वसविलेल्या छावणीस हिंदनगर असे नाव दिले. तंबूंच्या भोवती तारांची कुंपणे आणि आत आपापल्या पक्षाचे हस्तक पेरलेले, संघटित, संतप्त कैदी. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओढून आत नेले आणि ओलीस धरले. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर तो नियमाला धरूनच झाला असता. थोरात स्वतः तारांच्या आत गेले, कैद्यांच्या गराड्यात उभे राहून त्यांच्याशी बोलले आणि रक्ताचा थेंब न सांडता अधिकाऱ्यास सोडवून घेऊन आले. १९५४ च्या जानेवारीत मुदत संपली. मन वळवून परत गेले ते अगदी थोडे. बाकीच्यांना त्यांच्या पूर्वीच्या रक्षकांच्या स्वाधीन करण्यात आले. ८८ माणसे अशी निघाली की त्यांना कोणताच पक्ष नको होता. ती आपल्या सैनिकांबरोबर बोटीने भारतात आली. त्यांतील पुष्कळजण पुढे दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले. या कामगिरीबद्दल दोन्ही छावण्यांनी आपल्याला शिव्याही दिल्या आणि नंतर धन्यवादही.

युद्ध थांबले, पण तह झाला नाही. कोरियात आजही शस्त्रसंधीच लागू आहे. म्हणजे १९५१ चा तह अपुरा आणि १९५३ ला तहच नाही, अशा पायावर पूर्व आशियाची घडी बसविण्यात आली.

त्या घडीची संरक्षणविषयक बाजू सॅन फ्रान्सिस्कोतच, त्याच दिवशी दुपारी ठरली. नाट्यगृहातील समारंभ आटोपल्यावर योशिदा प्रेसिडिओ या लष्करी तळावर गेले आणि तेथे त्यांनी अमेरिकेशी सुरक्षा करार केला. जपानतर्फे या करारावर त्यांनी एकट्यानेच सही केली. लोकांना अप्रिय होणाऱ्या या कागदाचा बोजा सहकाऱ्यांवर पडू नये, हा त्यांचा हेतू होता असे सांगतात. फिलिपाइन्सशी तसाच करार त्याआधी आठवडाभर झाला होता, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशीही झाला होता. कोरियाशी १९५३ मध्ये आणि फॉर्मोसाशी १९५४ मध्ये झाला. चाकाच्या आऱ्या तुंब्याला जोडलेल्या असाव्यात तसे हे सर्व देश अमेरिकेला जोडले गेले. आरीला आरी मात्र जोडलेली नव्हती. त्याच १९५१ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे फ्रान्स आणि जर्मनी यांनी आपला कोळसा व पोलाद एका सामाईक मंडळाच्या ताब्यात देण्याचा करार केला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. जर्मनीला पुन्हा माणसांत यावयाचे तर शेजाऱ्याच्या दारावरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. जपानला ती सक्ती झाली नाही. महासागरापलीकडच्या विजेत्याशी समेट झाला की शेजाऱ्यांशी सावकाश बोलता येणार होते.

योशिदा हे धूर्त गृहस्थ होते. जपानने मोठे सैन्य उभारावे असा डलेस यांचा आग्रह होता. योशिदांनी १९५० साली उभारलेल्या ७५,००० शिपायांच्या राखीव पोलीस दलाकडे बोट दाखविले, युद्धत्याग करणाऱ्या राज्यघटनेकडे बोट दाखविले, आणि आमचा देश दरिद्री आहे असे सांगून वेळ मारून नेली. संरक्षण अमेरिकेने करावे, आपण कारखाने चालवावेत, हा त्यांचा हिशेब होता. कोरियन युद्धाने त्या कारखान्यांना पहिले काम दिले. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलेल्या टोयोटा कंपनीला अमेरिकन सैन्यासाठी मालमोटारींची मागणी आली आणि ती सावरली. शेजारच्या घराला लागलेल्या आगीवर हात शेकून घेतल्याचे हे उदाहरण कोरियन लोक विसरले नाहीत.

नुकसानभरपाईची कथाही अशीच दुहेरी आहे. तहाच्या चौदाव्या कलमाने ठरविले की, जपानने भरपाई द्यावी हे खरे, पण त्याची सर्व भरपाई देण्याइतकी ऐपत नाही. सबब ज्यांचे प्रदेश त्याने व्यापले होते त्यांच्याशी वाटाघाटी करून त्याने श्रम आणि सेवा यांच्या रूपाने ती फेडावी. ब्रह्मदेशाशी १९५४ मध्ये २० कोटी डॉलरांचा करार झाला, फिलिपाइन्सशी १९५६ मध्ये ५५ कोटींचा, इंडोनेशियाशी १९५८ मध्ये सुमारे २२ कोटींचा. रोकड फारशी कोठे गेली नाही. गेली ती जपानी यंत्रे, जपानी जहाजे आणि जपानी इंजिनिअर. ब्रह्मदेशातील बलुचाँग नदीवरील वीजघर या पैशातून उभे राहिले. यंत्र एकदा बसले की त्याचे सुटे भागही तेथूनच घ्यावे लागतात, हे कोणाही गिरणीवाल्यास ठाऊक आहे. ज्या बाजारपेठा जपानला संगिनीच्या बळावर ठेवता आल्या नाहीत, त्यांत प्रायश्चित्ताच्या पावतीवर त्याला पुन्हा प्रवेश मिळाला.

कच्चा माल हा त्याच्यापुढचा दुसरा प्रश्न. मांचुरियाचे खनिज आणि कोळसा आता चीनच्या ताब्यात होते आणि चीनशी व्यापार अमेरिकेला नको होता. म्हणून जपानची पोलादाची भट्टी मलाया, फिलिपाइन्स आणि भारताचा पश्चिम किनारा यांकडे वळली. मुंबई आणि जपान यांची ओळख जुनीच. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू झाला तो आपल्याकडचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांना पुरविण्यासाठी. आता कापसाची जागा लोखंडाने घेतली. गोव्याच्या डोंगरांतील तांबडे खनिज मांडवी आणि जुवारी नद्यांतून पडावांनी मुरगावला येई आणि तेथून जपानला जाई. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, भारताने त्याची आर्थिक नाकेबंदीही केली होती. तरी तेथील खनिजाची जहाजे चालूच राहिली. १९५७ मध्ये पंतप्रधान किशी भारतात येऊन गेले, नेहरू जपानला जाऊन आले आणि १९५८ साली जपानने भारताला १८ अब्ज येनचे कर्ज दिले. जपानने परराष्ट्राला दिलेले या प्रकारचे ते पहिलेच कर्ज.

शेजाऱ्यांशी बोलणी अशी सुरळीत झाली नाहीत. रशियाशी १९५६ मध्ये युद्धसमाप्तीची संयुक्त घोषणा झाली आणि त्याच डिसेंबरात जपानला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला. शांततेचा तह झाल्यावर क्युरीलच्या टोकाची हाबोमाई आणि शिकोतान ही बेटे परत देऊ, असे रशियाने त्या घोषणेत लिहून दिले. तो तह आजतागायत झालेला नाही. युक्रेन युद्धावरून जपानने निर्बंध घातले तेव्हा, मार्च २०२२ मध्ये, रशियाने त्याच्या वाटाघाटीच बंद केल्या. चीनबाबत योशिदांनी अमेरिकेच्या आग्रहाने फॉर्मोसाच्या सरकारशी तह केला आणि पेकिंगशी वीस वर्षे राजनैतिक अबोला राहिला. पण व्यापाराने आपली पायवाट शोधली. १९५५ च्या बांडुंग परिषदेला आलेले तात्सुनोसुके ताकासाकी तेथे चाऊ एन-लाय यांना भेटले होते. त्यांनीच १९६२ मध्ये लियाओ चंग-चृ यांच्याबरोबर व्यापाराचा अर्धसरकारी करार केला. दूतावास नाही, मान्यता नाही, पण कचेऱ्या आहेत आणि माल ये-जा करतो आहे, अशी ही दहा वर्षे गेली. १९७२ मध्ये राजनैतिक संबंध जुळले तेव्हा चीननेही नुकसानभरपाईचा हक्क सोडला.

सर्वांत अवघड ठरला तो कोरिया. सॅन फ्रान्सिस्कोचा तह अंमलात येण्याच्या तीन महिने आधी, १८ जानेवारी १९५२ रोजी, सिंगमन री यांनी समुद्रात आपली हद्दीची रेषा जाहीर केली आणि तहात नाव न आलेले ते खडकाळ बेट तिच्या आत घेतले. रेषा ओलांडणाऱ्या जपानी कोळ्यांना पकडून तुरुंगात घालण्यात येऊ लागले. वाटाघाटींच्या मेजावर १९५३ मध्ये जपानचे प्रतिनिधी कुबोता यांनी, जपानच्या राज्याने कोरियाचे काही भलेही झाले, असा सूर लावला. बैठक मोडली ती चार वर्षांवर उलटून गेली तरी भरली नाही. १९६१ मध्ये जनरल पाक चुंग-ही यांच्या हाती सत्ता आली. त्यांना पैसा हवा होता. विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन एवढा विरोध केला की १९६४ च्या जूनमध्ये सोलमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. तरी २२ जून १९६५ रोजी करार झाला. चौदा वर्षे लागली.

या करारात ३० कोटी डॉलरांचे अनुदान आणि २० कोटींचे कर्ज ठरले, आणि दोन्ही देशांचे व त्यांच्या नागरिकांचे परस्परांवरील दावे पूर्णपणे व कायमचे मिटले, असे लिहिण्यात आले. हे पैसे कशाबद्दलचे? कोरियाच्या सरकारने लोकांना सांगितले, आपल्या हक्काच्या मागणीचे. जपानच्या सरकारने आपल्या संसदेला सांगितले, आर्थिक सहकार्याचे. १९१० चा कोरिया खालसा करणारा तह आधीच निरर्थक झालेला आहे, असे दुसरे एक कलम आहे. हा 'आधीच' शब्द म्हणजे मसुदेगिरीची कमाल होय. कोरियाने त्याचा अर्थ घेतला, तो तह मुळापासूनच बेकायदा होता. जपानने घेतला, तेव्हा कायदेशीर होता, १९४५ नंतर उरला नाही. उदक पुन्हा एकदा सुटले. कोणत्या पापाबद्दल, हा संकल्प दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळा उच्चारला.

त्या पैशातील सुमारे १२ कोटी डॉलर पाक यांनी पोहांगच्या किनाऱ्यावर पोलाद कारखाना उभारण्यास लावले. तंत्रज्ञान यावाता, फूजी आणि निप्पॉन कोकान या जपानी कंपन्यांनी दिले. १९७३ मध्ये भट्टी पेटली. कोरियाची जहाजे आणि मोटारी याच पोलादातून घडल्या.

पुढे या प्रदेशात सहकार्याच्या संस्था पुष्कळ निघाल्या. १९९७ च्या आर्थिक संकटात आशियाई देशांची चलने कोसळली. त्यानंतर २००० साली चिआंग माई येथे आग्नेय आशियाई राष्ट्रे, चीन, जपान आणि कोरिया यांनी अडचणीत एकमेकांना परकीय चलन पुरविण्याची व्यवस्था केली. २०११ मध्ये चीन, जपान व कोरिया या तिघांचे सामाईक सचिवालय सोलमध्ये उघडले. २०२० मध्ये सह्या झालेल्या प्रादेशिक व्यापार करारात हे तिघे प्रथमच एकत्र आले. त्यातून भारत मात्र आदल्या वर्षी बाहेर पडला होता. आरीला आरी जोडण्याचे हे प्रयत्न चालू असतानाच ३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, युद्धकाळात जपानी पोलाद कारखान्यात सक्तीने राबविलेल्या चार कोरियन कामगारांना त्या कंपनीने भरपाई द्यावी; १९६५ च्या कराराने त्यांचा हा हक्क बुडत नाही. जपान म्हणाला, सर्व कायमचे मिटले आहे. २०१९ च्या जुलैमध्ये जपानने विद्युत्-उपकरणांच्या सूक्ष्म चकत्या बनविण्यास लागणाऱ्या तीन रसायनांच्या कोरियास होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि कोरियन गिऱ्हाईकांनी जपानी मालावर बहिष्कार टाकला.

ज्या कंपनीविरुद्ध हा निकाल लागला ती यावाता आणि फूजी यांच्या एकीकरणातून झालेली. म्हणजे पोहांगला तंत्रज्ञान देणाऱ्यांचीच वारस. २०२३ च्या मार्चमध्ये कोरियाच्या सरकारने असा तोडगा काढला की, कामगारांना भरपाई जपानी कंपनीने न देता कोरियातील एका प्रतिष्ठानाने द्यावी, आणि १९६५ च्या पैशाचा ज्यांना लाभ झाला त्या कोरियन कंपन्यांनी तिला देणग्या द्याव्यात. पहिली मोठी देणगी पोहांगच्या पोलाद कंपनीने दिली, ४ अब्ज वॉनची. काही वृद्ध कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी ते पैसे घेतले. काहींनी सुरुवातीस साफ नाकारले. ज्याने राबविले त्याच्याच हातून ते आले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते.